हाकेचा दगड

"एत्तु! एत्तु… एत्तु…"

हाक आली की मी बैलांच्या पाठीवर हात ठेवायचो आणि बैल निघायचे. त्यांचं तोंड रस्त्याकडे, माझंही रस्त्याकडे. गिरणीची चिमणी आमच्या पाठीमागे. जू कुरकुरायचं, नाडा ताणला जायचा, आणि मागे कुठेतरी चुन्याने भरलेलं लोखंडी पिंप जमीन सोडून आभाळाकडे निघायचं. ते किती वर गेलं, सरळ चाललंय की भिंतीला घासतंय, हे मला दिसत नसे. मी फक्त चालायचो. मग हाक बदलायची.

"तडी… तडी…"

बैल आपोआप मंद व्हायचे.

"साकु!"

बैल उभे.

कानडीत एत्तु म्हणजे उचल, तडी म्हणजे थांब जरा, साकु म्हणजे पुरे. माझे बैल मोहोळकडचे. त्यांच्या कुळात कोणी कानडी ऐकलेली नव्हती. पण आठवडाभरात ते शिकले. मला जरा जास्त दिवस लागले.

ही हाक गुरुबसप्पाची. सोलापुरात मार्शल लॉ लागला त्याच्या आधीची दोन-तीन वर्षं. स्टेशनापलीकडे एका गिरणीने नवी चिमणी बांधायला काढली होती. सोलापुरात चिमण्या काही कमी नव्हत्या, पण ही सगळ्यांत उंच होणार अशी बोलवा होती. मोहोळजवळ आमची विहीर होती आणि मोट हाकण्यात माझा हात चांगला होता. म्हणून मुकादम महिपतीने मला बैलांसकट बोलावून घेतलं. काम मोटेचंच. फक्त विहिरीतून पाणी काढायच्या ऐवजी आभाळात वीट आणि चुना चढवायचा. नाडा चिमणीच्या बुडाशी एका कप्पीतून वर जायचा, टोकावरच्या दुसऱ्या कप्पीवरून खाली यायचा, त्याला पिंप. बैल जेवढे पुढे जातील तेवढं पिंप वर. परत बैल उलट्या पावलांनी मागे यायचे, की रिकामं पिंप खाली.

मोटेला धाव, म्हणजे बैलांची ये-जा करायची वाट, ठरलेली असते. इथे तसं नव्हतं. चिमणी हातभर वाढली की माझी धाव हातभर वाढायची. आधी ती गिरणीच्या आवारात मावत होती. मग आवाराची भिंत फोडून बैलांना वाट करावी लागली. मग रस्ता ओलांडावा लागला. टांगेवाले शिव्या द्यायचे, पण थांबायचे. शेवटी शेवटी मी रस्त्यापलीकडच्या लिंबापर्यंत जात होतो, आणि तिथूनही ती हाक कानाशी दिल्यासारखी ऐकू यायची.

गुरुबसप्पा कुंभारी गावचा. कपाळाला विभूती, गळ्यात लिंगाचा चांदीचा डबा, डोक्याला रुमाल. उभं आयुष्य त्याने बांधकामावर हाक देण्यात घालवलं होतं. त्याचा एक काळा सपाट दगड होता. ज्या कामावर जाईल तिथे तो दगड गाडीत घालून न्यायचा, बुडापासून थोडा लांब ठेवायचा आणि त्यावर दिवसभर उभा राहायचा. हाक देणाऱ्याने जागा बदलली तर वरच्या गवंड्याला आवाज वेगळ्या बाजूने येतो आणि त्याचा गोंधळ होतो, असं तो म्हणे. त्या दगडावर दुसऱ्या कोणी पाय ठेवायचा नाही, ही कामावरची रीत होती. महिपती मुकादम सगळ्यांच्या अंगावर ओरडायचा, पण तोही त्या दगडाला वळसा घालून जायचा.

आता आमच्या कामावरची माणसं बघा. वर गवंडी निंगप्पा आणि त्याचे साथीदार, ते कानडी बोलणार. लाकडाची परांची बांधणारा इमामसाब, त्याची दखनी. घाणीत चुना मळणाऱ्या नरसम्मा आणि तिच्या जावा, त्या तेलुगू. विटा भिजवणाऱ्या आणि पाट्या वाहणाऱ्या बाया मराठी. एकाची भाषा दुसऱ्याला धड येत नव्हती. वरच्याला खालचं दिसत नव्हतं. माझी तर पाठच फिरलेली. सगळ्यांच्या मध्ये तो एक म्हातारा दगडावर उभा. तो वर बघायचा आणि हाक द्यायचा, आणि घाणीवरची बाई हलायची, बैल हलायचे, वरच्या गवंड्याचा हात हलायचा. एका गळ्याने एवढं सगळं चालतं याचं मला तेव्हाही नवल वाटे.

खूण साधी होती. वर परांचीवर काही अडचण असली, फळी सरकवायची असली, की निंगप्पा कठड्याला तांबडं फडकं लावायचा. तांबडं दिसलं की काम थांबलं. ते निघालं की चालू.

गुरुबसप्पाच्या दगडाशेजारी विटा भिजवायचा हौद होता. तिथे रंभाबाई बसायची. पस्तिशीची, काळीसावळी, विधवा, जिभेची तिखट. वीट कोरडी लावली तर ती चुन्यातलं पाणी पिऊन टाकते आणि सांधा भुसभुशीत होतो, म्हणून प्रत्येक वीट हौदात बुडवायची. बुडबुडे यायचे थांबले की वीट धालेली, पोटभर पाणी प्यालेली. त्या बुडबुड्यांकडे बघत रंभाबाई दिवसभर बडबडायची, आणि गुरुबसप्पा वर बघत तिला उत्तरं द्यायचा.

"रंभव्वा, वर निंगप्पा काय करायलाय गं? पान खायलाय का काय?"

"पान न्हाय, आप्पा. वाकून ओळंबा सोडतोय."

"हां, तेच म्हणलो. आणि ते पोरगं?"

"ते नुसतं उभं हाय. त्याला कोन काम सांगंल? जावई हाय न्हवं मुकादमाचा."

हसणं व्हायचं. आम्हाला वाटायचं, म्हाताऱ्याला बोलायला कोणी हवं असतं.

संक्रांतीला सिद्धरामाची यात्रा झाली. काठ्या मिरवल्या, होम झाला, आम्ही सगळे गड्ड्याच्या जत्रेत हिंडून आलो. दुसऱ्या दिवशी निंगप्पाने देवाला लावून आणलेलं भगवं निशाण परांचीच्या टोकाला बांधलं. उंच कामाला देवाची राखण हवी. आम्ही खालूनच हात जोडले.

त्या सकाळी मी बैल जुंपून उभा राहिलो, पण हाक येईना. पिंप भरलेलं, चुना मळलेला, गवंडी वर वाट बघत, आणि गुरुबसप्पा दगडावर गप्प. वरून निंगप्पा ओरडत होता, पण वाऱ्यात शब्द कळत नव्हते. महिपती धावत आला.

"काय झालं रं? चुना वाळायलाय!"

"तांबडं लागलंय न्हवं वर," गुरुबसप्पा म्हणाला.

त्या दिवशी रंभाबाई उशिरा आली. आली ती पदर खोचतच हसायला लागली. "आप्पा, ते निशाण हाय की! कालचं देवाचं. फडकं कुटं हाय?"

सगळं आवार हसलं. गुरुबसप्पाही हसला. "म्हातारा भक्त हाय गं. निशाण दिसलं की थांबतोच. काय करू?" आणि लगेच हाक दिली, "एत्तु!"

महिपती जाता जाता म्हणाला, "उद्या देवळापुढनं गेलास तर तितंच उभा ऱ्हाशील. आमची चिमणी पुढल्या संक्रांतीला हुईल."

गोष्ट हसण्यावारी गेली. 

फाल्गुनात हौदाचं पाणी कमी पडलं. मुकादमाने रंभाबाईला चार बायांबरोबर घागरी देऊन लांबच्या विहिरीवर धाडलं. ती गेली आणि काम चालू राहिलं. मी निघालो. नाडा ताणला. मी रस्ता ओलांडला. अचानक नाडा असा हिसकला, की बैल पुढचे पाय टेकून बसतात की काय असं झालं. मागे वरून लाकूड मोडल्याचा आवाज आला, मग किंकाळी.

"तडी! तडी! तडी!"

हाक आली, पण उशिरा आली. मी जुवाला मिठी मारली. बैल थरथरत होते, त्यांच्या नाकातून फेस येत होता. मागे बघायची हिंमत झाली नाही. एक पाऊल पुढे टाकलं तर काय तुटेल आणि एक मागे टाकलं तर काय पडेल, मला माहीत नव्हतं. बैलांनाही माहीत नव्हतं. ते उभे राहिले. त्या मुक्या जनावरांनी त्या दिवशी जो भार धरून ठेवला, तो आठवला की अजून माझे खांदे भरून येतात.

मागाहून कळलं ते असं. वर निंगप्पा कप्पीचा वासा फिरवून बसवत होता. त्याने तांबडं लावलं होतं. तरी पिंप वर आलं आणि सुटलेल्या वाशाला धडकलं. वासा फिरला, पायाखालची फळी गेली, आणि निंगप्पा काथ्याच्या दोरीला दोन्ही हातांनी लोंबकळला. साथीदारांनी त्याला आत ओढून घेतलं. फळी खाली पडली ती हौदाच्या काठावर, रंभाबाई रोज बसायची बरोबर तिथे.

पिंप उतरवून मी परत आलो तेव्हा महिपती इमामसाबच्या अंगावर धावून गेला होता.

"तुझी गाठ सुटली म्हणून वासा फिरला! उद्यापासनं कामावर येऊ नगस!"

"मेरी बांदी सो गाठ?" इमामसाब संतापला. "चल मुकादम, तू लटक उसको. तेरा वजन बी उटाएगी और तेरी जबान का बी!"

"लई बोलू नगस!"

तेवढ्यात गुरुबसप्पा दगडावरून खाली उतरला. कामाच्या वेळेत त्याला दगडावरून उतरताना आम्ही कधी पाहिलं नव्हतं.

"मुकादम, इमामसाबला काय बोलू नका. वर तांबडं लागलं हुतं. मला वाटलं निशाण हाय."

"वाटलं? झोपला हुतास काय?"

"जागा हुतो. मला दिसत न्हाई. दसऱ्यापासनं वरचं टोक मला दिसत न्हाई. गवंडी न्हाई, फडकं न्हाई. तांबडं आणि भगवं एकच दिसतंय. लाल धूर असल्यागत."

"मग इतके दिवस हाक कशी दिलीस?"

उत्तर मागून आलं. रंभाबाई डोक्यावर घागर घेऊन फाटकातून आत आली होती.

"मी सांगत हुते," ती म्हणाली. घागर उतरवायचंही तिच्या लक्षात नव्हतं. "ते इचारायचे, निंगप्पा काय करतोय, आणि मी सांगायची. मला कळलं हुतं कवाच. बोलले न्हाय. बोलले असते तर म्हाताऱ्याला घरी बसवलं असतं तुमी."

मग तिची नजर हौदाच्या काठावर पडलेल्या फळीकडे गेली, आणि ती घागरीसकट खाली बसली.

निंगप्पा तोवर उतरून आला होता. हाताची सालं निघाली होती. तो सरळ गुरुबसप्पासमोर जाऊन उभा राहिला. आता हा मारणार, असं आम्हाला वाटलं. गुरुबसप्पालाही वाटलं असावं. त्याने मान खाली घातली आणि डोक्याचा रुमाल काढून हातात घेतला.

निंगप्पा म्हणाला, "वरनं बघितलं की खालची माणसं मुंगीएवढी दिसतात. घरं काड्याच्या पेटीएवढी. तुझी हाक तेवढी माणसाएवढी यायची. तिच्या जोरावर मी चढत हुतो. आणि तुला मी दिसतच नव्हतो?"

"न्हाई," गुरुबसप्पा म्हणाला.

"सांगायचं न्हवं मला!"

"सांगितलं असतं तर ह्या दगडावरनं उतरावं लागलं असतं. दुसरं काय येतंय मला?"

करंदीकर साहेब कामावरचे ओव्हरसियर. ते सगळं ऐकत मागे उभे होते. उंच, सडपातळ, फार न बोलणारे. चिमणीचा नकाशा त्यांच्या खोलीत भिंतीला लावलेला असे. मी एकदा पाहिला होता, बोटाएवढी चिमणी, आणि त्यांना तिच्यातली वीट न् वीट ठाऊक होती. ते पुढे आले, डोक्यावरची टोपी काढून वर टोकाकडे बघत राहिले. मग म्हणाले, "मलाही इथून तिथला माणूस धड दिसत नाही. मी हे आधी ध्यानात घ्यायला हवं होतं."

मग आमच्याकडे वळले. "एकाने सांगितलं. आता बाकीच्यांनी सांगा. कोणी काय झाकून ठेवलंय? आज सांगेल त्याला मी कामावरून काढणार नाही. उद्या सापडलं तर काढीन."

चुन्याच्या घाणीचे बैल तेवढे शेपट्या हलवत होते.

पहिला इमामसाब बोलला. आता त्याचा आवाज खाली आला होता. "गाठ मेरी पक्की है, साहब. पर बीच के मजले का काथ्या पुराना है. नवा मांगने की हिम्मत नै हुई."

मग नरसम्मा काही बोलली. तिची जाऊ मोडक्या मराठीत सांगू लागली, "ते भिंतीजवळचा चुना, गोणी झाकलेला, तो अर्धाच मळला. बैल आजारी होता."

निंगप्पाने सोललेले हात काखेत धरले. "उत्तरेकडचा थर बोटभर भाईर गेलाय. ओळंबा वाऱ्यात हलत हुता. वरच्या थरात सावरून घेऊ म्हणलो." एवढा मोठा गवंडी, आणि त्याच्या तोंडून हे निघालं.

महिपतीने मिशीवर हात फिरवला, खाली बघितलं, वर बघितलं. "खालची विटांची रास कच्ची हाय, साहेब. भट्टीवाला माझा सोयरा हाय. परत धाडायला लाज वाटली."

"आणि माझंही ऐका," करंदीकर साहेब म्हणाले. "पाया खणताना पश्चिमेच्या कोपऱ्यात पाणी लागलं होतं. आम्ही तो कोपरा खोल नेला, पक्का भरला. तरी रोज सकाळी तुम्ही यायच्या आधी मी तिथे तडा गेलाय का बघायला येतो. अजून गेलेला नाही. पण बघत असतो. आता तुम्हीही बघत जा."

मी आवारात उभा होतो. ती चिमणी मला रोज पाठीमागे वाटायची. त्या दिवशी मी पहिल्यांदा तिच्याकडे तोंड करून उभा राहिलो. एवढं मोठं काम, आणि ते उभं होतं ते एकाच्या भरवशावर दुसरा, दुसऱ्याच्या भरवशावर तिसरा, असं. त्यातला जो तो कुठेतरी भ्यालेला. आणि तरी ती तिथवर गेली होती. मला हात जोडावेसे वाटले. कोणाला, ते कळलं नाही. देवाच्या निशाणाला जोडले.

पुढचे दिवस चिमणी वाढली नाही, उलट उतरली. बाहेर गेलेले थर निंगप्पाने आपल्या हाताने उकलले. कच्च्या विटा गाड्या भरून परत गेल्या, सोयऱ्याने महिपतीशी बोलणं टाकलं. नवा काथ्या आला. गिरणीतली माणसं कुंपणाशी उभी राहून हसायची, "ही चिमणी खालच्या अंगाला वाढायलीय व्हय रे?" करंदीकर साहेबांना मालकाच्या कचेरीत बोलावणं आलं. ते गेले आणि परत आले. काय झालं ते त्यांनी सांगितलं नाही, आम्ही विचारलं नाही. काम मात्र त्यांनी सांगितलं तसंच चाललं.

आणि हाकेचं त्यांनी असं ठरवलं. "उद्यापासून दोघांनी उभं राहायचं. बाईने बघायचं, म्हाताऱ्याने हाक द्यायची."

"आणि इटा कोन भिजवंल?" रंभाबाईने विचारलं.

"दुसरी बाई बघू."

कोणीतरी मागून टोमणा मारला, "बाईमानसाची नजर लागंल चिमणीला."

"लागू दे की," रंभाबाई म्हणाली. "आजवर बाप्यांची नजर तर तितवर पोचतच नव्हती."

गुरुबसप्पासुद्धा हसला. दुसऱ्या दिवशी तो आपल्या दगडावर चढला. रंभाबाई दगडाच्या उजव्या अंगाला जमिनीवर उभी राहिली. त्याने तिला दगडावर जागा देऊ केली. ती नको म्हणाली. "ती तुमची जागा, आप्पा. मला हितनं झ्याक दिसतंय." ती हळू बोलायची, "फळी सरकवली… तांबडं निघालं… आता येऊ दे," आणि त्याच्या गळ्यातून तीच गोष्ट गर्जना होऊन निघायची. लिंबाजवळ मला ती हाक पहिल्यासारखीच ऐकू यायची. पण आता मला ठाऊक होतं की तिच्यात दोन माणसं आहेत.

तेव्हापासून आणखी एक रीत पडली. सकाळी बैल जुंपायच्या आधी सगळ्यांनी चिमणीच्या बुडाशी यायचं आणि गुरुबसप्पाने विचारायचं, "काय मोडलंय?" ज्याने त्याने आपलं सांगायचं. काही नसलं तर न्हाय म्हणायचं. इमामसाब रोज म्हणायचा, "मेरी कंबर मोडी है, उसका क्या करते?" नरसम्मा आपल्या दिराचं नाव घ्यायची. पण हसता हसता खरंही निघायचं. कुठे कप्पीचा आस झिजलेला, कुठे चुना पातळ. मी पुढे बऱ्याच कामांवर गेलो. दिवस असा सुरू झालेला मी फार थोड्या ठिकाणी पाहिला.

शेवटचा थर लागला त्या दिवशी वर काही न्यायचं उरलं नव्हतं. निंगप्पाने वरून तांबडं काढलं आणि पांढरं उपरणं हलवलं.

"निंगप्पा म्हणतोय, आप्पाला वर धाडा," रंभाबाई म्हणाली.

"खुळा झालाय काय! मी वर गेलो तर हाक कोन देणार?"

रंभाबाई म्हणाली, "मी देते की."

त्याने तिच्याकडे बघितलं. जवळचं त्याला नीट दिसायचं. मग तो रिकामं पिंप होतं तिथे गेला, त्याच्या काठाला हात लावला, इमामसाबने त्याला उचलून आत बसवलं आणि कमरेला दोर बांधला. "हात पकड के बैठो, बाबा. ये गाठ मेरी है."

मी बैलांपाशी गेलो. पाठ फिरवली. जू आणि नाडा दोनदा चाचपून बघितला. चुना नेताना आणि विटा नेताना मी कधी असं केलं नव्हतं.

"एत्तु…"

बारीक आवाज. बैलांनी कान टवकारले. त्यांनी माझ्याकडे बघितलं.

"एत्तु!" ती पुन्हा ओरडली, या वेळेस पोटातून. बैल निघाले. आम्ही रस्ता ओलांडला. टांगे थांबले होते, टांगेवाले वर बघत होते, कोणी शिव्या देत नव्हतं. आम्ही लिंबापर्यंत गेलो.

"तडी… तडी… तडी…"

मग फार वेळ काहीच आलं नाही.

"साकु!"

बैल थांबले. मी मागे वळलो. टोकावर एक लहान ठिपका निंगप्पाच्या ठिपक्याशेजारी उभा होता. खाली उतरल्यावर आम्ही त्याला विचारलं, "आप्पा, काय दिसलं?"

"दिसणार काय? उजेड दिसला," तो म्हणाला. "पण ऐकू लई आलं. गिरण्यांचे भोंगे. विणकरांच्या मागांची खटखट, सगळ्या पेठेची. सिद्धरामाच्या देवळाची घंटा, तळ्यावरनं येती ती. आणि ह्या रंभव्वाची हाक. माझीच हाक मला खालनं येत हुती." असं म्हणून तो आपल्या दगडावर बसला. त्या दिवसापर्यंत तो त्यावर कधी बसला नव्हता.

चिमणीतून पहिला धूर निघाला तेव्हा गाव वर बघत होतं. गुरुबसप्पा बुडाशी तळहात टेकवून उभा होता. "ऊन लागायला लागली," एवढंच म्हणाला.

पुढच्या उन्हाळ्यात तो गेला. कुंभारीला त्यांच्या रीतीप्रमाणे त्याला बसवून समाधी दिली. निंगप्पाने खड्ड्याच्या कडा सरळ केल्या. इमामसाबने उतरवायचे दोर धरले. हाक द्यायची वेळ आली तेव्हा सगळ्यांनी रंभाबाईकडे पाहिलं. तिने हळूच "साकु" म्हटलं.

पाऊस संपल्यावर गावाबाहेर एका मोठ्या इमारतीचं काम निघालं. मला, बैलांना आणि हाक द्यायला रंभाबाईला बोलावणं आलं. जाताना रंभाबाईने मला कुंभारीवरून गाडी न्यायला सांगितली. गुरुबसप्पाच्या घरच्यांनी तो काळा दगड आमच्या गाडीत चढवून दिला.

कामावर तिने जागा बघून दगड ठेवला. नीट बसतोय का, हलवून पाहिला. मग त्याच्या उजव्या अंगाला जमिनीवर उभी राहिली.

नवा मुकादम म्हणाला, "अगं बाई, दगडावर चढ की. उंच हुशील, लांबवर दिसंल."

"आसू दे," ती म्हणाली. "हितनं दिसतंय."

तिने सगळ्यांना बुडाशी बोलावून विचारलं, काय मोडलंय. नवी माणसं एकमेकांकडे बघू लागली. मी म्हटलं, डाव्या बैलाच्या खुराची पत्री सैल झाली आहे. तिने ती ठोकून घ्यायला लावली. मग मी बैल जुंपले, तोंड रस्त्याकडे केलं आणि हाकेची वाट बघत उभा राहिलो.